वेणी, बूट आणि स्टेथोस्कोप

एडिसन, न्यू जर्सी. हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवलेलं, गालिच्यावर माझी भाची कोपरांवर पालथी, अंग फळीसारखं ताठ. सोफ्यावर पुण्याहून आलेली माझी आई चष्मा सावरत मोबाइलमधलं घड्याळ बघतेय.

"शंभर झाले गं. दम आहे ना अजून?"

"आजी, बोलू नकोस, हसू येतं मला."

एकशे चाळिसाला कोपरं थरथरायला लागली, एकशे बावन्नाला पोरगी आडवी. आजीने लगेच उठून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात, एकादशीच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं : १५२.

पोरीला डॉक्टर व्हायचंय, आणि तेही लष्करात. अमेरिकेत त्यासाठी सरकारचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिच्यासोबत मीही माहितीच्या मागे लागले. जे जे हाती लागलं त्यातलं हे निवडक. आधी पैशांचं, कारण आईचा पहिला प्रश्न तोच होता.

फी शून्य, वर पगार

वॉशिंग्टनच्या मेट्रोची रेड लाइन पकडायची आणि 'मेडिकल सेंटर' स्टेशनला उतरायचं. रस्त्याच्या एका अंगाला राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं अवाढव्य आवार, दुसऱ्या अंगाला वॉल्टर रीड हे लष्कराचं प्रसिद्ध रुग्णालय. त्याच तळाच्या कुंपणाआत आहे युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी, म्हणजे यूएसयू. गाव बेथेस्डा, राज्य मेरीलँड. बायबलमध्ये ज्या कुंडाच्या पाण्याने आजारी माणसं बरी होत, त्या कुंडाचं नाव बेथेस्डा. डॉक्टरांच्या गावाला याहून शोभेलसं नाव सापडणं कठीण.

१९७२ च्या कायद्याने हे विद्यापीठ जन्माला आलं, १९७६ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि १९८० मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिथे फी नाही. एक डॉलरही नाही. उलट विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून अधिकारी असते : सैन्यात आणि हवाई दलात सेकंड लेफ्टनंट, नौदलात एन्साइन. मूळ पगार महिना चार हजार डॉलरच्या आसपास, घरभाड्याचा भत्ता वेगळा. अमेरिकेतल्या खासगी मेडिकल कॉलेजांत वर्षाची फी साठ-सत्तर हजार डॉलरवर जाते, हे ठाऊक असलेल्या कुठल्याही आईबापांना हे वाचून दोनदा डोळे चोळावे लागतील.

मोबदला मात्र मोठा आहे. सात वर्षं सेवा, आणि त्या सात वर्षांत रेसिडेन्सीची वर्षं धरत नाहीत. अमेरिकेत चार वर्षांचं कॉलेज झाल्यावरच मेडिकलला जाता येतं. आईने बोटांवर हिशेब मांडला : बाविसाव्या वर्षी प्रवेश, सव्विसाव्या वर्षी डॉक्टर, पुढे तीन ते सहा वर्षं रेसिडेन्सी, त्यावर सात. म्हणजे छत्तीस ते एकोणचाळीस. "तोवर सरकारचीच," ती म्हणाली. अगदी बरोबर. सही करण्याआधी प्रत्येक मुलीने हा हिशेब स्वतःच्या बोटांवर करावा, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना इतकं लांब बांधून घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी त्याच १९७२ च्या कायद्यातून आलेली दुसरी वाट आहे : एचपीएसपी ही शिष्यवृत्ती. शिका कुठल्याही साध्या मेडिकल कॉलेजात, फी लष्कर भरेल, दरमहा खर्चाला पैसेही देईल. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतली तर सेवा चार वर्षांची. दोन्ही वाटांना एक अट सारखीच : अमेरिकेचं नागरिकत्व. ग्रीन कार्ड चालत नाही. आपल्याकडच्या कित्येक घरांत हुशार मुलीची गाडी याच फाटकापाशी अडते.

कॅप्टन म्हणजे नेमकं कोण?

डॉक्टर झाल्या दिवशी बढती मिळते. सैन्यात आणि हवाई दलात कॅप्टन, नौदलात लेफ्टनंट. दोघींचा दर्जा सारखाच. नौदलात 'कॅप्टन' म्हणजे थेट कर्नलच्या तोलाचा. तेव्हा कुणाची मुलगी कॅप्टन झाली असं कानावर आलं, तर पेढे घेताना आधी विचारावं, जमिनीवरची की पाण्यातली?

दोघांत एक खुर्ची

विद्यापीठातल्या वैद्यकीय शाळेला ज्यांचं नाव दिलं गेलं ते एफ. एडवर्ड हेबर्ट म्हणजे लुइझियानाचे खासदार आणि संसदेच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष. या शाळेसाठी ते वर्षानुवर्षं झटले. १९७३ मध्ये याच समितीवर कोलोरॅडोच्या तरुण खासदार पॅट्रिशिया श्रोडर आल्या, आणि कॅलिफोर्नियाचे कृष्णवर्णीय खासदार रॉन डेलम्सही आले. श्रोडर यांनी पुढे आयुष्यभर सांगितलेली हकीकत अशी, की बाई आणि कृष्णवर्णीय माणूस यांची किंमत अर्ध्या-अर्ध्या सदस्याएवढीच, असं म्हणून हेबर्ट यांनी त्या दोघांना मिळून एकच खुर्ची दिली. दोघं खरोखर एका खुर्चीवर टेकून बसले. श्रोडर पुढे चोवीस वर्षं खासदार राहिल्या.

त्याच १९७३ मधली आणखी एक गोष्ट. शॅरन फ्रॉन्टिएरो ही हवाई दलातली लेफ्टनंट, अलाबामातल्या मॅक्सवेल तळाच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. पुरुष अधिकाऱ्याच्या बायकोला भत्ता आपोआप मिळायचा. बाई अधिकाऱ्याला मात्र नवऱ्याचा निम्म्याहून अधिक खर्च आपण उचलतो, हे सिद्ध करावं लागायचं. शॅरन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि आठ विरुद्ध एक अशी जिंकली. तिच्या बाजूने बोलायला उभ्या राहिलेल्यांत एक वकीलबाई होत्या, सुप्रीम कोर्टात त्यांचं हे पहिलंच भाषण : रूथ बेडर गिन्सबर्ग. माझ्या भाचीला आज पुरुषाइतकाच भत्ता मिळेल, त्यामागे एका रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टची चिकाटी आहे.

पँट घातली म्हणून अटक

मेरी एडवर्ड्स वॉकर. न्यूयॉर्क राज्यातली शेतकऱ्याची मुलगी, १८५५ मध्ये डॉक्टर झाली. यादवी युद्ध पेटल्यावर सर्जन म्हणून नोकरी मागायला गेली तर नकार. मग बिनपगारी राबली, पुढे करारावर सर्जन झाली. १८६४ च्या एप्रिलमध्ये शत्रूने पकडलं, रिचमंडच्या तुरुंगात चार महिने काढले. सुटका झाली ती अदलाबदलीत, पलीकडच्या एका सर्जनच्या बदल्यात. माणसाला माणूस अशा बरोबरीच्या सौद्यात आपली सुटका झाली, याचा तिला फार अभिमान होता.

१८६५ मध्ये तिला मेडल ऑफ ऑनर मिळालं. आजतागायत हे पदक मिळालेली ती एकमेव स्त्री. १९१७ मध्ये सरकारने यादी तपासून ९११ नावं काढून टाकली, त्यांत तिचंही. तिने पदक परत केलं नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत रोज छातीवर लावलं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात ते तिला रीतसर परत मिळालं, म्हणजे यूएसयूची पहिली तुकडी वर्गात बसली होती त्याच सुमारास. घागऱ्याऐवजी पँट घालते म्हणून तिला अनेकदा अटक झाली, हे ऐकल्यावर भाचीने आपल्या पायातल्या ट्रॅकपँटकडे एकदा पाहिलं.

आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीनबाई

ही माझी सर्वांत आवडती गोष्ट, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज आपल्याला एकाच कारणासाठी ठाऊक असतं. १८८६ च्या मार्चमध्ये आपली आनंदीबाई जोशी तिथून एम.डी. झाली. पण १८५० मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजचा लष्कराशीही संबंध आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने स्त्री डॉक्टरांना अधिकारपद दिलं नाही. घेतलं ते करारावर, हुद्द्याविना. दुसरं महायुद्ध आलं तरी तोच नन्नाचा पाढा. डॉक्टर कमी पडत होते, तरी कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात स्त्री बसत नाही, असा अर्थ लावला जात होता.

अखेर १६ एप्रिल १९४३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्पार्कमन-जॉन्सन कायद्यावर सही केली. स्त्री डॉक्टरांना हुद्दा मिळाला, तोही युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने, एवढ्याच बोलीवर. सैन्याच्या वैद्यकीय दलात अधिकारी म्हणून शपथ घेणारी पहिली स्त्री होती मेजर मार्गारेट क्रेगहिल. आणि शपथ घ्यायच्या आधी ती कुठे होती? फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची डीन होती. आनंदीबाईंच्या वेळी डॉ. रेचेल बॉडली ज्या खुर्चीत होत्या, त्याच खुर्चीतून उठून क्रेगहिल सैन्यात गेली. सैन्यातल्या स्त्रियांच्या आरोग्याची जबाबदारी तिच्यावर आली.

मी हे सांगितलं तेव्हा आई एकदम सरळ बसली. "म्हणजे आपल्या आनंदीबाईंच्या वर्गातून निघालेली वाट आहे ही," ती म्हणाली. मी मान हलवली. ओढूनताणून जोडलेलं नातं नाही हे. एका दाराने आत गेलेल्या बायका आहेत या.

तेरावा वाढदिवस फार महत्त्वाचा

अर्जाच्या वाटेवर एक खातं भेटतं, त्याला तिकडे 'डॉडमर्ब' म्हणतात. संरक्षण खात्याचं वैद्यकीय तपासणी मंडळ. डोळे, कान, गुडघे, जुन्या शस्त्रक्रिया, लहानपणीची औषधं, सगळं खोदून विचारतात. दमा तेराव्या वाढदिवसाआधी होऊन गेला असेल तर सहसा हरकत नाही. त्यानंतर झाला असेल तर अपात्र, आणि मग सवलतीसाठी वेगळा अर्ज. बाळंतपणानंतर सहा महिने थांबावं लागतं. सैन्यात बायकांसाठी किमान उंची ५८ इंच, म्हणजे चार फूट दहा इंच. आमच्या घराण्यातल्या सगळ्याजणी यात जेमतेम बसतात, आईसकट.

इथे माझा सल्ला एकच. शाळेपासूनची औषधांची चिठ्ठीन् चिठ्ठी जपून ठेवा. भाचीच्या आईने सातवीतला इनहेलरचा कागद माळ्यावरून शोधून काढला, त्यावर तारीख होती म्हणून काम सोपं झालं.

पाच खेळ आणि एक घसरगाडी

सैन्याची शारीरिक चाचणी जून २०२५ पासून नव्या रूपात आली. पाच प्रकार : षट्कोनी दांड्यावरचं वजन तीनदा उचलणं, प्रत्येक वेळी छाती टेकवून हात जमिनीवरून सोडायचे असे जोर, मग पळणं-ओढणं-वाहणं, मग प्लँक, शेवटी दोन मैल धाव. त्यातलं तिसरं बघण्यासारखं असतं. २५० मीटरमध्ये आधी पळायचं, मग ९० पौंडांची घसरगाडी ओढायची, आडवं धावायचं, दोन्ही हातांत चाळीस-चाळीस पौंडांच्या केटलबेल घेऊन जायचं, पुन्हा पळायचं. जखमी सैनिकाला ओढून आडोशाला नेणं कशाला म्हणतात, ते इथे अंगाला कळतं. डॉक्टरलाही हे चुकत नाही.

आधीच्या चाचणीत दांड्याला लटकून गुडघे कोपरांपर्यंत नेण्याचा प्रकार होता. पुष्कळ मुली तिथेच अडायच्या. २०२२ मध्ये तो गेला आणि त्याजागी प्लँक आला. तरुण वयोगटात दीड मिनिटाच्या आसपास तग धरली तर पास, पूर्ण गुणांना साडेतीन मिनिटांहून जास्त. म्हणजे कालनिर्णयातले १५२ सेकंद पास आहेत. आजीला मात्र पास नको, पहिला नंबर हवाय.

अंबाडा गेला, वेणी आली

वर्षानुवर्षं गणवेशातल्या बायकांना केस करकचून मागे बांधून अंबाडा घालावा लागायचा. पालथं पडून नेम धरायचा म्हटलं की अंबाडा हेल्मेटला मागून ढकलायचा आणि हेल्मेट डोळ्यांवर यायचं. शिवाय डोकेदुखी, कपाळापाशी विरळ होणारे केस. बायकांनी तक्रारी लिहिल्या, त्वचारोगतज्ज्ञांनी दुजोरा दिला. नौदलाने २०१८ मध्ये पोनीटेलला परवानगी दिली, हवाई दलाने आणि सैन्याने २०२१ मध्ये पोनीटेल आणि लांब वेणी दोन्हींना. आई म्हणाली, "शाळेत जाताना मी हिच्या आईला घालायचे तीच वेणी की!" तीच. फक्त रिबिनीचं फूल नाही.

दोन्ही हात मोडलेली सर्जन

ऱ्होंडा कॉर्नम यांनी कॉर्नेल विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली, सैन्यात संशोधक म्हणून आल्या, मग डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि १९८६ मध्ये यूएसयूतून एम.डी. झाल्या. २७ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्धाचे शेवटचे तास. पाडलेल्या विमानाच्या वैमानिकाला शोधायला निघालेल्या हेलिकॉप्टरमध्ये मेजर कॉर्नम होत्या. तेही पाडलं गेलं. आठजणांतले पाच जागीच गेले. कॉर्नम यांचे दोन्ही हात मोडले, खांद्यात गोळी. आठवडाभर त्या इराकी कैदेत होत्या. कैदेत एका पहारेकऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला. हे त्यांनी पुढे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगापुढे स्वतःहून सांगितलं. बायकांना आघाडीपासून दूर ठेवायला हे कारण होऊ शकत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. परतल्यावर त्या मूत्ररोगतज्ज्ञ झाल्या आणि ब्रिगेडियर जनरल होऊन निवृत्त झाल्या. यूएसयूचा विचार करणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि तिच्या आईने ही हकीकत पूर्ण वाचावी. फी शून्य का आहे, ते इथे कळतं.

त्याच विद्यापीठातून १९८१ मध्ये निघालेल्या कॉनी मरियानो. जन्म फिलिपिन्सचा, वडील अमेरिकन नौदलात स्ट्युअर्ड, अ‍ॅडमिरलांना जेवण वाढणारे. मुलगी व्हाइट हाउसच्या वैद्यकीय पथकाची प्रमुख झाली आणि स्वतःच रिअर अ‍ॅडमिरल झाली.

५,३०० अक्षरांत स्वतःला बसवणं

प्रवेशपरीक्षा एमकॅट. चार विभाग, प्रत्येकात किमान गुण ११८, कमाल १३२. एकूण ४७२ ते ५२८. म्हणजे कोरा पेपर दिला तरी ४७२! आजीला हे ऐकून दोन दिवस आनंद झाला, मग तिला खरा अर्थ समजावला. केंद्रात बसण्याचा वेळ साडेसात तास.

अर्ज इतर कॉलेजांसारखाच, एकाच सामायिक यंत्रणेतून जातो. मे महिन्यात ती उघडते. आजवरची पंधरा कामं मांडता येतात, आणि स्वतःविषयीचा निबंध मोकळ्या जागांसकट ५,३०० अक्षरांचा. यूएसयूला याखेरीज गणवेशच का, हे वेगळं लिहून द्यावं लागतं, आणि कुठलं दल पहिल्या पसंतीचं तेही. लष्कराचा अनुभव नसला तरी चालतो.

भाचीचा पहिला मसुदा गुळगुळीत होता. लोकांची सेवा, आव्हानं, नेतृत्व. मी तिला आनंदीबाईंचं १८८३ मधलं पत्र दाखवलं, फिलाडेल्फियाच्या कॉलेजला प्रवेश मागणारं. त्यात गोलगोल काही नाही. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, एवढंच रोखठोक. अठरा वर्षांच्या मुलीचा प्रवेशअर्ज तो. भाचीने रात्री मसुदा पुसला आणि नव्याने लिहायला बसली.

आणि पुण्यात?

आईचा प्रश्न रास्त होता : "आपल्या वानवडीच्या एएफएमसीसारखंच ना?" एएफएमसी म्हणजे आपल्या लष्कराचं मेडिकल कॉलेज. पुष्कळसं तसंच, पण एक फरक मोठा. पुण्यात बारावीनंतर 'नीट' परीक्षा आणि पुढची चाचणी-मुलाखत होऊन प्रवेश मिळतो, आणि १४५ जागांपैकी मुलींच्या ३०. यूएसयूत मुलामुलींच्या जागा वेगळ्या काढलेल्या नाहीत. एएफएमसीच्या मुलींनी मात्र त्या मोजक्या जागांतून काय करून दाखवलं बघा. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या पहिल्या महिला महासंचालक. मुलींच्या जागा वाढाव्यात, असं ही नावं वाचताना पुन्हा पुन्हा मनात येतं.

नकाशावर नसलेला देश

यूएसयूच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना अँटिएटमच्या रणभूमीवर चालवत नेतात. यादवी युद्धातली १७ सप्टेंबर १८६२ ची ती लढाई. जोनाथन लेटरमन या सर्जनने जखमींना उचलून नेणाऱ्या गाड्यांना लावलेली शिस्त तिथे कसाला लागली. जखमींच्या शुश्रूषेला आलेली क्लारा बार्टन तिथे एकाला पाणी पाजत होती, गोळी तिच्या बाहीतून गेली आणि तो माणूस तिच्या हातातच गेला, असं तिने लिहून ठेवलंय. शेवटच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या तळावर 'बुशमास्टर' नावाचा सराव होतो. एक काल्पनिक देश, तंबूतलं रुग्णालय, रंगवलेल्या जखमा, धूर, आरडाओरडा, झोप नाही. कोणाला आधी हात लावायचा आणि कोणाला थांबवायचं, हे मिनिटभरात ठरवायचं.

परवा रविवारी आम्ही तिघी गाडी काढून पोकिप्सीला गेलो. न्यूयॉर्क राज्य, हडसन नदीच्या काठचं गाव. ज्या कार्पेंटर कुटुंबाने आनंदीबाईंना अमेरिकेत मायेनं सांभाळलं, त्यांनी तिची रक्षा तिथल्या आपल्या कौटुंबिक जागेत ठेवली. दगडावर नाव आहे, पुढे एम.डी., १८६५ ते १८८७. आईने पिशवीतून झेंडूची दोन फुलं काढून ठेवली.

येताना भाची नदीच्या कडेने गाडी चालवत होती. तीच हडसन खाली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीवरून वाहते. १९७६ पर्यंत तिथे मुलींना प्रवेश नव्हता. १९८२ मध्ये तिथून नाद्जा वेस्ट बाहेर पडल्या, डॉक्टर झाल्या आणि २०१५ मध्ये अख्ख्या सैन्याच्या सर्जन जनरल. भाचीने घाटावर गाडी थांबवली, बूट घट्ट बांधले आणि म्हणाली, "मावशी, दोन मैल लाव घड्याळ." आजीने पर्समधून पेन काढलं.